बदलीचे गाव आणि घराचा पत्ता

(नोकरीनिमित्त परगावी निघालेल्या कुटुंबांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



नेमणुकीचे पत्र घरात येते तेव्हा त्यावर एकाच व्यक्तीचे नाव असते. पद, वेतन, रुजू होण्याची तारीख आणि कार्यालयाचा पत्ता, एवढे त्यात लिहिलेले असते. घराचा पत्ता मात्र कोणी लिहून पाठवीत नाही. तो कुटुंबाला शोधावा लागतो. प्रत्यक्षात बहुतेक घरांत असे घडते की, ज्याच्या नावाने पत्र आले तोच घरही ठरवून मोकळा होतो. तो आठवडाभर आधी एकटा जातो, कंपनीच्या अतिथिगृहात उतरतो, रविवारी दलालाबरोबर चार जागा पाहतो आणि कार्यालयाला सर्वांत जवळची जागा पसंत करून अनामत देऊन टाकतो. मागाहून सामानाचा ट्रक येतो आणि सामानाबरोबर कुटुंबही येते.

यात त्याचा हेतू वाईट नसतो. प्रवासात वेळ कमी जावा, घरच्यांना अधिक वेळ देता यावा, असाच त्याचा विचार असतो. पण हिशेब करताना एक आकडा चुकतो. नोकरी करणारा माणूस नव्या शहरात पहिल्याच दिवशी माणसांत जाऊन पडतो. त्याला सहकारी मिळतात, वरिष्ठ मिळतात, दुपारचे जेवण कोणाच्या तरी सोबतीने होते. त्याची ओळख त्याच्या पदाबरोबर आधीच तिथे पोहोचलेली असते. मागून येणाऱ्या जोडीदाराचे तसे नसते. तिने किंवा त्याने एक संपूर्ण जग मागे सोडलेले असते. शेजारीण, ग्रंथालय, भिशी, भजनी मंडळ, हाक मारली की येणारा वाणी आणि पुष्कळदा स्वतःची नोकरीही. सकाळी नऊला दार बंद होते आणि रात्री आठला उघडते. मधले अकरा तास ज्या घरात काढायचे, ते घर त्या अकरा तासांसाठी कोणी पाहिलेलेच नसते.

म्हणून या विषयात एकच गोष्ट मुख्य आहे. घर निवडताना नोकरी करणाऱ्याचा प्रवास मोजण्याआधी मागून येणाऱ्याचा दिवस मोजला पाहिजे. बाकीचे सारे मुद्दे या एका मुद्द्याच्या मागून येतात.

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात सुमारे ४५ कोटी लोक असे आढळले की जे आपल्या जन्माच्या किंवा पूर्वीच्या ठिकाणी राहत नाहीत. पुरुषांच्या बाबतीत नोकरी-व्यवसाय हे मोठे कारण. स्त्रियांच्या बाबतीत विवाह आणि कुटुंबाबरोबर जाणे ही मोठी कारणे. याचा अर्थ सरळ आहे. या देशात जी माणसे गाव सोडतात, त्यांतली फार मोठी संख्या दुसऱ्याच्या निमित्ताने गाव सोडते. त्यांच्या सोयीगैरसोयीचा विचार हा घरातला किरकोळ प्रश्न नव्हे. कुटुंबसंस्थेच्या स्वास्थ्याशी तो थेट निगडित आहे.

चाकरी एका गावी, बिऱ्हाड दुसऱ्या गावी

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. आज पुण्या-मुंबईची हजारो मराठी कुटुंबे ज्या बेंगळुरूला नोकरीनिमित्त जातात, तिथे जाणारे मराठी माणूस म्हणून पहिले ठळक नाव शहाजीराजांचे घ्यावे लागते. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने केंपेगौडांकडून बेंगळुरू घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांचे पुढचे आयुष्य मुख्यतः कर्नाटकातच गेले. १६६४ मध्ये होदिगेरे येथे त्यांचा अंत झाला आणि तिथेच त्यांची समाधी आहे.

जिजाऊ आणि बालशिवाजी काही काळ बेंगळुरूला जाऊन राहिले. तिथे वैभव होते, दरबार होता, वडिलांचे छत्र होते. तरीही मायलेकांचे बिऱ्हाड पुन्हा पुण्याच्या जहागिरीत आले. उजाड झालेले पुणे, सह्याद्रीच्या कुशीतले मावळ आणि तिथली माणसे यांच्यात शिवाजीराजे वाढले. त्या निर्णयातून पुढे काय उभे राहिले, हे इथे सांगण्याची आवश्यकता नाही. कर्त्या पुरुषाची चाकरी जिथे आहे तिथेच कुटुंबाचे बिऱ्हाड असले पाहिजे, असा नियम आपल्या परंपरेने कधी केलेला नाही. कुटुंबाचे काम जिथे आहे तिथे बिऱ्हाड असते.

याचा अर्थ पती-पत्नींनी वेगळे राहावे असा नव्हे. एकत्र राहणे हाच धर्म्य आणि सुखाचा मार्ग आहे. पण मुलगी दहावीत किंवा बारावीत आहे, सासऱ्यांचे उपचार चालू आहेत, किंवा नेमणूकच मुळी आठ-दहा महिन्यांची आहे, अशा वेळी एका वर्षाकरिता दोन चुली मांडणे हा पराभव मानू नये. तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. त्याची मुदत मात्र आधी ठरवावी आणि ती पाळावी. ‘बघू पुढे’ म्हणून सुरू झालेली दोन बिऱ्हाडे वर्षानुवर्षे तशीच राहिलेली पुष्कळांनी पाहिली आहेत.

बदली कोणासाठी?

बदलीकडे पाहण्याची आणखी एक दृष्टी आपल्याच इतिहासात आहे. गोपाळराव जोशी हे टपाल खात्यातले नोकर. कल्याणला असताना पत्नीच्या शिक्षणाला घरातून आणि समाजातून विरोध होऊ लागला, तेव्हा त्यांनी बदली मागितली. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, पुढे कलकत्ता आणि श्रीरामपूर असा त्यांचा प्रवास झाला. या प्रवासात आनंदीबाईंचे शिक्षण हाच त्यांचा ध्यास होता. १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या आणि १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. गोपाळरावांचा स्वभाव तापट होता, आनंदीबाईंना त्याचा जाचही झाला, हे लपविण्याचे कारण नाही. पण एकोणिसाव्या शतकातला एक साधा सरकारी नोकर, पत्नीचे हित कुठे साधेल हे पाहून नोकरीचे गाव निवडू पाहत होता, ही गोष्ट आजच्या सुशिक्षित घरांनीही मनावर घ्यावी अशी आहे.

आज पत्नीची नोकरी हा बहुतेक मध्यमवर्गीय घरांतला वास्तव प्रश्न आहे. पतीला परगावी दीडपट पगार मिळतो म्हणून निर्णय होतो. पण पत्नीचा गेलेला पगार, तिची गेलेली ज्येष्ठता, पुढे पुन्हा नोकरी मिळविताना करावी लागणारी धडपड, हे सारे वजा करून पाहिले जात नाही. कागद घेऊन ही वजाबाकी दोघांनी समोरासमोर बसून केली पाहिजे. काही व्यवसाय बरोबर नेता येतात. बँकेतील अधिकाऱ्याला बदली मागता येते. वकिलाची सनद एका राज्याच्या बार कौन्सिलकडून दुसऱ्या राज्याकडे वर्ग करून घेण्याची तरतूद १९६१ च्या वकील कायद्यात आहे. पती-पत्नी दोघे सरकारी सेवेत असतील तर शक्यतो दोघांची नेमणूक एकाच ठिकाणी व्हावी, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने १९८६ मध्ये आणि पुन्हा २००९ मध्ये घालून दिली आहेत. त्यांचा आधार घेऊन वेळेत अर्ज करता येतो. पण जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षिकेची नोकरी राज्याबाहेर नेता येत नाही. तिच्या बाबतीत ‘तिथे काहीतरी मिळेल’ हे वाक्य उच्चारण्यापूर्वी ते ‘काहीतरी’ नेमके काय, हे शोधून ठेवणे पतीचे कर्तव्य ठरते.

आणि आता याच्या उलटही घडते. पत्नीची नेमणूक परगावी होते आणि पती मागून जातो. अशा पुरुषाची समाजात थट्टा होते. ती थट्टा पहिल्यांदा आपल्या बैठकांतून बंद झाली पाहिजे. जी गोष्ट स्त्रीने केली तर त्याग म्हणून गौरविली जाते, ती पुरुषाने केली तर दुबळेपणा कशी ठरते? तेव्हा या व्याख्यानात जिथे जिथे ‘मागून येणारी’ असा उल्लेख येईल, तिथे ‘मागून येणारा’ असेही वाचावे.

बेंगळुरूचे उदाहरण

प्रत्यक्ष घर शोधताना हा विचार कसा लावायचा, हे एका शहराच्या उदाहरणाने पाहू. समजा, पुण्यातील एका गृहस्थाला बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी मिळाली. ही वसाहत शहराच्या दक्षिणेला होसूर रस्त्यावर आहे. त्याच्यापुढे साधारण तीन पर्याय असतात. पहिला, कार्यालयाच्या जवळच्या नव्या संकुलात राहणे. दुसरा, जयनगर किंवा बसवनगुडीसारख्या जुन्या वस्तीत राहणे. तिसरा, जिथे परिचित मराठी कुटुंबे आहेत तिथे, मग ते शहराच्या दुसऱ्या टोकाला का असेना, घर घेणे.

पहिल्या पर्यायात नोकरी करणाऱ्याचा तास-दीड तास वाचतो. संकुलात बाग असते, व्यायामशाळा असते, पहारेकरी असतो. पण फाटकाबाहेर पायी जाण्यासारखे काय आहे, हा प्रश्न विचारला जात नाही. भाजी घेण्यासाठीही वाहन लागणार असेल, देऊळ, वाचनालय, दवाखाना यांपैकी काहीच चालत जाण्याच्या अंतरावर नसेल, तर वाहन न चालविणाऱ्या गृहिणीला आणि वृद्धांना ते संकुल म्हणजे सोयींनी भरलेला तुरुंग वाटू लागतो.

जुन्या वस्तीचे तसे नसते. बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या वस्त्या १८९८ च्या प्लेगनंतर विस्तारल्या. रुंद पदपथ, झाडे, बाजार, देवळे, संगीतसभा आणि तीन-तीन पिढ्या तिथेच राहिलेली माणसे, असे त्यांचे रूप आहे. आपल्या पुण्यातल्या सदाशिव-नारायण पेठांतल्या माणसाला तिथे फार परके वाटत नाही. मल्लेश्वरममधले काडु मल्लेश्वराचे देवालय तर शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी बांधल्याचे परंपरेने सांगितले जाते. अडचण असते ती प्रवासाची. सिल्क बोर्ड चौकातली वाहनांची कोंडी हा बेंगळुरूतल्या नोकरदारांच्या दैनंदिन तक्रारीचा विषय होऊन बसला. परंतु ऑगस्ट २०२५ मध्ये जयनगरला लागून असलेल्या आर. व्ही. रोड स्थानकापासून इलेक्ट्रॉनिक सिटीमार्गे बोम्मसंद्रापर्यंत मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली, आणि दक्षिण भागातल्या जुन्या वस्तीत राहून नोकरीला जाणे पूर्वीपेक्षा पुष्कळ सुकर झाले. म्हणजे, मागून येणाऱ्याचा दिवस आणि जाणाऱ्याचा प्रवास यांचा मेळ घालता येतो. त्यासाठी नकाशा केवळ कार्यालयाच्या बिंदूपासून पाहून चालत नाही.

जागा पाहावी ती कामाच्या दिवशी. रविवारी सकाळी कोणतेही शहर सुंदरच दिसते. मंगळवारी सकाळी साडेआठला त्या घरातून निघून कार्यालयापर्यंत जाऊन पाहावे, आणि जोडीदाराने त्याच दुपारी त्या गल्लीत पायी फिरून पाहावे. पाण्याविषयी घरमालकाला विचारू नये, शेजाऱ्याला विचारावे. कावेरीचे पाणी येते की कूपनलिकेवर भागते, उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का, त्याचा खर्च कोण उचलतो, हे तोच खरे सांगेल. २०२४ च्या उन्हाळ्यात बेंगळुरूच्या अनेक भागांत पाण्याची जी टंचाई झाली, तिने हा प्रश्न किती मूलभूत आहे हे दाखवून दिले.

पहिले अकरा महिने

नव्या गावी पोहोचताच घर विकत घेण्याची घाई करू नये, आणि मागचे घरही लगोलग विकू नये. पहिले वर्ष भाड्याच्या घरात काढावे. गाव कळायला चारही ऋतू पाहावे लागतात. बऱ्याच राज्यांत अकरा महिन्यांचा भाडेकरार करण्याची रीत आहे, कारण एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्याने सक्तीची आहे. महाराष्ट्रात मात्र मुदत कितीही असली तरी करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. ज्यांचे पुण्याचे घर भाड्याने द्यायचे आहे, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. बेंगळुरूत पूर्वापार दहा-दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत मागण्याची पद्धत होती. ती आता अनेक ठिकाणी सैल झाली असली, तरी ही रक्कम हाताशी धरूनच अंदाजपत्रक करावे, आणि ती परत मिळण्याच्या अटी करारात स्पष्ट लिहून घ्याव्यात.

मुलांच्या बाबतीत क्रम उलटा ठेवावा. आधी शाळा ठरवावी, मग तिच्या आसपास घर पाहावे. केंद्र सरकारच्या बदलीच्या नोकरीत असणाऱ्यांच्या मुलांसाठी साठच्या दशकाच्या आरंभी केंद्रीय विद्यालयांची योजना आखली गेली, ती मुळी याच अडचणीसाठी. इतरांनी अभ्यासक्रमाचा विचार करावा. राज्य मंडळातून दुसऱ्या राज्याच्या मंडळात जाताना भाषेचा विषय आडवा येतो. कर्नाटकाने २०१५ मध्ये शाळांत कन्नड शिकविण्याचा कायदा केला, महाराष्ट्राने २०२० मध्ये मराठीसाठी तसाच कायदा केला. याबद्दल कुरकुर करणाऱ्या पालकांनी थोडे थांबून विचार करावा. पुण्यात आलेल्या परप्रांतीयाच्या मुलाने मराठी शिकावे असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी आपल्या मुलाने बेंगळुरूत कन्नड शिकण्याला नाक मुरडणे न्यायाचे नाही.

वडीलधाऱ्यांना तर अनेकदा विचारलेच जात नाही. त्यांचे सामान बांधले जाते. त्यांना जाणे आवडेल की मूळ गावी राहणे, हे आधी विचारावे. येणार असतील तर तळमजला किंवा उद्वाहन, चालत जाण्यासारखे उद्यान आणि जवळ रुग्णालय या तीन गोष्टींवर तडजोड करू नये. सकाळी फिरायला गेल्यावर बोलायला एक जरी समवयस्क मिळाला, तरी त्यांचे आयुष्य वाढते.

काही कागदोपत्री कर्तव्येही असतात. वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवायचे तर तिथे त्याची नव्याने नोंद करावी लागते. मतदार यादीतले नाव नमुना ८ भरून नव्या पत्त्यावर न्यावे. हे काम बहुतेक सुशिक्षित कुटुंबे टाळतात आणि मग ना या गावी मतदान होते, ना त्या गावी. ज्या गावाचे पाणी आपण पितो, त्या गावाच्या बऱ्यावाइटात आपला वाटा असला पाहिजे.

न्हाव्याकडून घेतलेले धडे

आता तिसरा पर्याय. मराठी शेजार हवा की स्थानिक? परगावी आपली भाषा कानावर पडली की जीव सुखावतो. महाराष्ट्र मंडळे देशात आणि परदेशातही आहेत. लंडनचे मंडळ १९३२ पासूनचे आहे. अशा संस्था नव्याने येणाऱ्या कुटुंबाला पहिला हात देतात आणि मुलांच्या कानावर मराठी ठेवतात. त्यांचे सभासद अवश्य व्हावे. पण केवळ मराठी माणसांतच राहण्यासाठी घर निवडले, तर दहा वर्षे राहूनही ते गाव परकेच राहते.

रमाबाई रानडे यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत एक प्रसंग आहे. न्यायमूर्ती रानडे १८८६ मध्ये सरकारच्या अर्थविषयक समितीवर होते. त्या कामासाठी त्यांचा मुक्काम काही काळ कलकत्त्यात होता. घरी बंगाली वर्तमानपत्र येऊ लागले. आपल्याला वाचता येत नाही, मग घ्यायचे कशाला, असे रमाबाईंना वाटले. रानड्यांना ते रुचले नाही. ज्या प्रांतात राहायचे तिथली भाषा येऊ नये, हे त्यांना कमीपणाचे वाटले. त्यांनी पुस्तके आणवली आणि स्वतः शिकायला बसले. हजामत करायला येणाऱ्या न्हाव्याला ते वाचून दाखवीत आणि तो त्यांचे उच्चार सुधारी. मग त्यांनी ती भाषा रमाबाईंना शिकवली. मुक्काम काही महिन्यांचा होता. हायकोर्टाच्या न्यायासनाच्या योग्यतेचा हा पुरुष न्हाव्यापुढे विद्यार्थी होतो, आणि आज वीस वर्षे परराज्यात राहिलेली आपली माणसे तिथल्या भाजीवाल्याशी खुणांनी बोलतात!

आणि कन्नड तर आपल्याला परकी कुठे आहे? अण्णा, अक्का ही आपल्या घरातली संबोधने त्याही घरांत आहेत. पंढरीच्या विठ्ठलाला आपल्या संतांनी कानडा म्हटले, आणि कर्नाटकातल्या पुरंदरदासांनी आपल्या रचनांवर मुद्रा घातली ती विठ्ठलाचीच. आपल्या गुढीपाडव्याला त्यांची युगादी असते, कडुनिंब आणि गूळ दोघांच्याही ताटात. संक्रांतीला आपण तिळगूळ देऊन गोड बोलायला सांगतो; तेही तीळ-गूळ-खोबऱ्याचे मिश्रण देऊन चांगले बोलायला सांगतात. आपल्या गौरी गणपतीनंतर येतात, त्यांची गौरी गणपतीच्या आदल्या दिवशी येते. दिवसांच्या या फरकामुळे दोन्ही घरच्या गृहिणींना एकमेकींच्या घरी हळदीकुंकवाला जाता येते, ही केवढी सोय! भेटल्यावर तिथला शेजारी ‘ऊटा आय्ता?’ म्हणजे ‘जेवण झाले का?’ असे विचारतो. त्याला त्याच्याच भाषेत उत्तर देता आले की दार उघडते. राष्ट्रीय एकात्मता ही व्यासपीठावरची गोष्ट होण्यापूर्वी ती जिन्यातली गोष्ट असते.

कार्यकर्त्यांच्या घरासाठी

यापुढचा भाग विशेषतः कार्यकर्त्यांसाठी आहे. स्वयंसेवक नव्या गावी गेला की तिथली शाखा शोधतो. ही फार जुनी आणि मोलाची रीत आहे. डॉ. हेडगेवारांच्या काळातच नागपूरचे तरुण शिक्षणासाठी दुसऱ्या प्रांतात जात आणि तिथे काम उभे करीत. भय्याजी दाणी काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात शिकायला गेले आणि तिथे शाखा सुरू झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. वकील म्हणून शिकलेले आणि सरकारी कामासाठी जशपूरला गेलेले बाळासाहेब देशपांडे तिथलेच झाले आणि १९५२ मध्ये वनवासी कल्याण आश्रमाचा जन्म झाला. नेमणुकीचे गाव हे कर्मभूमी कसे होते, याची ही उदाहरणे आहेत.

परंतु आपल्या घरात यातली एक उणीव तशीच राहते. कार्यकर्त्याला शाखेत पहिल्याच दिवशी वीस ओळखी होतात. महिन्याभरात त्याच्यावर जबाबदारी येते. कार्यालयानंतरचा उरलेला वेळही बैठकांत जाऊ लागतो. आणि त्याची पत्नी? तिच्या दारावरची घंटा वाजविणारा फक्त दूधवाला असतो. समाजाशी आत्मीयता जोडायला निघालेल्या माणसाच्या घरातच एक माणूस एकटे पडत असेल, तर ते काम अपुरे आहे. १९३६ मध्ये वर्ध्याला मावशी केळकरांनी राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली, तेव्हा स्त्रीचे स्वतःचे संघटित जीवन असले पाहिजे हीच त्यांची दृष्टी होती. तेव्हा घर पाहतानाच विचारावे. समितीची शाखा, भजनी मंडळ, संस्कारवर्ग, संगीताचा वर्ग, असे तिचे स्वतःचे स्थान होईल असे जवळ काय आहे? पहिले तीन महिने आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तरी पतीने घराबरोबर त्या वस्तीत फिरण्यासाठी राखून ठेवाव्यात. बैठकीला उशीर झाला तर चालेल.

आपल्या दारी आलेले कुटुंब

शेवटी एक गोष्ट राहते. आज या मेळाव्यात बसलेल्यांपैकी काही जण परगावी जाणार आहेत. पण बहुतेक जण इथेच राहणार आहेत. त्यांच्या इमारतीत याच महिन्यात कोणाचा तरी सामानाचा ट्रक येईल. तो म्हैसूरहून येईल, पाटण्याहून येईल, कोइमतूरहून किंवा गुवाहाटीहून येईल. त्या कुटुंबातही कोणीतरी आपले सारे जग मागे ठेवून आलेले असेल. सकाळी दार बंद झाल्यावर त्या घरात अकरा तास एकटे कोण असणार आहे, हे शेजारच्या घराला ठाऊक असते. तेव्हा पहिल्या दिवशी पाण्याची कळशी, चहा आणि भाजीबाजाराचा रस्ता सांगणे, चौथ्या दिवशी आपल्याबरोबर देवळात किंवा वाचनालयात घेऊन जाणे, आणि पहिल्या सणाला हळदीकुंकवाचे बोलावणे करणे, एवढे तरी झालेच पाहिजे. त्यांना मराठी येत नसेल तर हसू नये. चार शब्द शिकवावेत, चार त्यांचे शिकून घ्यावेत.

आपली लेक, आपला मुलगा, आपली सून आज कुठल्या तरी परक्या जिन्यात उभी आहे. तिथल्या शेजारणीने तिच्याशी जसे वागावे असे आपल्याला वाटते, तसे आपण इथे वागलो, तर बदलीचे गाव कोणालाच परके राहणार नाही.